रिपोर्ट आला, पण पाहिला कोणी?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच ठिकाणी अडकलेली दिसली. डॉक्टरांना दाखवून आल्यानंतर आणि पुन्हा दाखवण्यापूर्वी जो मधला काळ असतो, त्यात रुग्णाने आणि घरच्यांनी काय करायचे, हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, असे तिघांचेही म्हणणे आहे. पत्रे लांब असल्याने मजकूर कमी केला आहे आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे असून त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. एप्रिलच्या शेवटी धंतोलीतील एका डॉक्टरांना दाखवले, तेव्हा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही नवी गोळी लिहून दिली, ‘रक्त तपासून पंधरा दिवसांनी दाखवा’ असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. तेराव्या दिवशी रक्त दिले आणि संध्याकाळी लॅबने मोबाइलवर रिपोर्ट पाठवला. त्यात क्रिएटिनिन १.५ असून तो आकडा ठळक छापलेला होता. आधीच्या रिपोर्टमध्ये तो १.२ होता. पोटॅशियम ४.८ आहे. चौकातल्या मेडिकलवाल्यांनी ‘गोळी किडनीला लागली’ असे सांगितल्यामुळे आम्ही ती बंद केली. दवाखान्यात फोन केला तर आठ दिवसांनंतरचा नंबर मिळाला आणि रिपोर्ट दाखवायला पुन्हा फी पडेल की नाही, हेही कोणी नीट सांगितले नाही. गोळी बंद करून आज सहा दिवस झाले. काय करावे? — एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मासिक हाती पडेपर्यंत थांबण्यासारखा हा विषय नसल्याने वाचिकेला हे उत्तर पत्राने आधीच कळवले आहे. त्याचा सारांश एवढाच होता, की आठ दिवस थांबू नका, आजच दवाखान्यात फोन करा आणि नंबर मागण्याऐवजी निरोप द्या. ‘आम्हाला रिपोर्ट दाखवायचा आहे’ असे म्हटले की समोरची व्यक्ती वही उघडते आणि रिकामा दिवस शोधते, कारण तिचे काम तेच आहे. त्याऐवजी ‘नवी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन १.२ वरून १.५ झाले आहे, आम्ही गोळी सहा दिवसांपासून बंद ठेवली आहे, पुढे काय करायचे हे डॉक्टरांना विचारून सांगा’ असे सांगितले आणि ते लिहून घ्यायला लावले, तर तोच निरोप दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचू शकतो.

आता त्या ठळक आकड्याविषयी. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ; गाळणी मंदावली की तो रक्तात वाढतो. अक्षर ठळक करण्याचे काम लॅबचा संगणक करतो. ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर आकडा गेला, एवढेच त्याला कळते. रुग्णाला नवी गोळी सुरू झाली आहे, हे त्याला ठाऊक नसते. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाच्या गाळणीवरचा दाब कमी करतात. दाब कमी झाला की सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते, आणि दाब कमी झाल्यामुळेच मधुमेही व्यक्तीचे मूत्रपिंड पुढे अधिक काळ टिकण्यास मदत होते. म्हणून ही वाढ साधारण ३० टक्क्यांच्या आत असेल आणि पोटॅशियम चढलेले नसेल, तर बहुतेक वेळा गोळी चालूच ठेवतात. १.२ वरून १.५ म्हणजे २५ टक्के वाढ झाली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले होते ते बहुधा नेमकी हीच वाढ किती झाली, हे पाहण्यासाठी. ज्या गोष्टीची वाट पाहिली जात होती ती घडली आणि ती पाहणारी व्यक्ती सोडून इतर सर्वांनी ती पाहिली, असे तुमच्या बाबतीत झाले. औषध दुकानदारावर माझा राग नाही. त्यांनी आकडा वाचला. पण औषध का सुरू केले आणि तपासणी का सांगितली, हे त्यांच्यासमोर कोठे होते?

याचा अर्थ गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करावी, असा मात्र नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घाम भरपूर जातो, म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते आणि शरीरातले पाणी घटले की याच गोळीने मूत्रपिंडावर खरोखरच ताण येऊ शकतो. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर काय करायचे, हे त्यामुळे आधीच विचारून ठेवावे लागते. दुसरे असे, की तुमच्या पत्राच्या शेवटी, बहुधा महत्त्वाचे न वाटल्यामुळे, सासरे गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅकची गोळी घेतात, असा उल्लेख आहे. माझ्या मते संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते. ही वेदनाशामक गोळी आणि टेल्मिसार्टन एकत्र आल्यास क्रिएटिनिन वाढू शकते, आणि धंतोलीच्या डॉक्टरांना तिची कल्पना नसावी, कारण ती त्यांच्या चिठ्ठीवर नाही. निरोपात हे वाक्य अवश्य घाला. चिठ्ठीवर नसलेली प्रत्येक गोष्ट, मग ती दुकानातून आणलेली गोळी असो, कोणी दिलेला काढा असो किंवा नातेवाइकाने सुचवलेले चूर्ण असो, फाईलमध्ये एका कागदावर लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

गोळी बंद केली हेही लपवू नका. रुग्ण ‘सगळी औषधे चालू आहेत’ असे म्हणतो आणि यंत्रावर रक्तदाब १७० दिसतो, तेव्हा समोरच्या डॉक्टरने काय समजावे? गोळी पुरत नाही असे समजून तो मात्रा दुप्पट करतो, घरी गेल्यावर रुग्ण दोन्ही गोळ्या घेऊ लागतो आणि आठवड्याने न्हाणीघरात चक्कर येऊन पडतो. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी स्वतः ही चूक एकाहून अधिक वेळा केली आहे, आणि प्रत्येक वेळी खरी हकिगत सुनेने किंवा मुलीने नंतर सांगितली आहे.

‘पंधरा दिवसांनी दाखवा’ हे वाक्य अपुरे आहे, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि त्याचा दोष आम्हा डॉक्टरांकडेच जातो. परंतु तो काळ सहसा अंदाजाने ठोकून दिलेला नसतो. या गोळीचा मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन आठवड्यांत दिसतो, म्हणून पंधरा दिवस. थायरॉइडच्या गोळीची मात्रा बदलली तर टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी घाईने तपासले तर आकडा दिशाभूल करतो. एचबीएवनसी ही चाचणी मागील दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते, त्यामुळे औषध बदलल्यावर महिन्याभरात ती करून घेण्यात पैसे वाया जातात. म्हणून उठण्यापूर्वी ‘पंधरा दिवसांनी नेमके काय पाहायचे आहे?’ हा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरातून बाकीचे दोन प्रश्न आपोआप निघतात, ते म्हणजे कोणता आकडा किंवा कोणते लक्षण दिसल्यास पंधरा दिवस थांबायचे नाही, आणि तसे झाल्यास कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळेत, कोणाला कळवायचे. मला विचाराल तर ही उत्तरे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तिथल्या तिथे लिहून डॉक्टरांना वाचून दाखवावीत. अर्धे मिनिट लागते, आणि ऐकण्यात काही चुकले असेल तर ते त्याच क्षणी कळते.

पुढच्या भेटीला जाताना रक्तदाबाची नोंद न्यावी. घरी यंत्र असल्यास आधीचे सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी, चहा आणि तंबाखू यांपासून किमान अर्धा तास दूर राहून, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावे आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहावेत. आकडा आवडला नाही म्हणून तो गाळू नये. उन्हातून आल्या आल्या, जिना चढून, दवाखान्याच्या बाकावर तासभर ताटकळल्यावर मोजलेल्या एका रक्तदाबापेक्षा ही वही डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते.

फीबद्दल सर्वत्र लागू असा एकच नियम नाही. काही दवाखान्यांत ठराविक दिवसांत रिपोर्ट दाखवायला पैसे घेत नाहीत, काही ठिकाणी अर्धी फी घेतात, काही ठिकाणी पूर्ण. पहिल्याच दिवशी पैसे भरताना काउंटरवर विचारून घ्यावे; त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

प्रश्न : आम्ही काटोलजवळच्या गावात राहतो, संत्र्याची शेती आहे. माझ्या आईचे पित्ताशय खड्यांमुळे नागपुरातील एका रुग्णालयात दुर्बिणीने काढले. सुट्टी देताना ‘ऑपरेशन उत्तम झाले, पिशवी तपासायला पाठवली आहे’ असे सांगितले. टाके काढायला गेलो तेव्हा रिपोर्ट यायचा होता. त्याला आता पाच आठवडे झाले. आईला काही त्रास नाही, जेवण व्यवस्थित आहे. काही वाईट असते तर त्यांनी फोन केलाच असता, असे वडील म्हणतात. नागपूरला जायचे म्हणजे एक दिवस मोडतो. जाणे आवश्यक आहे का? — एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : रिपोर्ट मिळवणे आवश्यक आहे, जाणे कदाचित नाही. ‘वाईट असते तर फोन केला असता’ या वडिलांच्या विश्वासाचा मी आदर करतो, परंतु रुग्णालयाची व्यवस्था कशी चालते हे पाहिले, तर तो विश्वास ज्या माणसावर ठेवला आहे त्याच्या टेबलावर तो कागद पोहोचलाच असेल, याची खात्री देता येत नाही.

काढलेला अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. तेथे त्याचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवतात, त्यांचे अतिशय पातळ काप काढून काचेवर रंगवतात आणि मग तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; यालाच हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात. या सर्वाला काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात रुग्ण घरी गेलेला असतो. रिपोर्ट तयार होतो. तो वॉर्डात जातो, काउंटरवर पडतो किंवा संगणकात बसतो. ज्या निवासी डॉक्टरने नमुना पाठवला, त्याची बदली दुसऱ्या विभागात झालेली असते. सर्जनांना वाटते की नातेवाइकांनी नेला असेल आणि नातेवाइकांना वाटते की सर्जनांनी पाहिला असेल. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. म्हणूनच हा घोटाळा कोणाच्या लक्षात येत नाही.

बहुतेक वेळा अशा रिपोर्टमध्ये जुनी सूज आणि खडे एवढेच लिहिलेले असते आणि तुमच्या आईच्या बाबतीतही तसेच असण्याची शक्यता जास्त आहे. परंतु खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, कर्करोग सापडतो. तो किती खोलवर गेला आहे, यावर पुढे आणखी शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरते आणि तो निर्णय लांबवणे हिताचे नसते. त्या टप्प्यावर रुग्णाला कोणताही त्रास होत नसतो. त्यामुळे आईचे जेवण व्यवस्थित आहे, यावरून रिपोर्टबद्दल काहीच अनुमान काढता येत नाही.

डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन रुग्णालयात फोन करा. त्यावरील नोंदणी क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख आणि सर्जनांचे नाव सांगून ‘हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला का, आणि तो सरांनी पाहिला का?’ असे विचारा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर ‘हो, असेलच’ असे मिळाले, तर ते उत्तर नव्हे. त्यानंतर रिपोर्टची प्रत मागा. प्रत मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागणी केल्यावर वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात, आणि दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. फोनवर टाळाटाळ झाली, तर आईच्या सहीचा दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज केला की भांडण झाले, असे आपल्याकडे उगाच समजले जाते.

प्रत मिळाल्यावर नागपूरला येण्याची गरज पडेलच असे नाही. २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्ष पाहिल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी, फोनवर किंवा व्हिडिओवर पुढील सल्ला देता येतो. डॉक्टर त्याची फी घेऊ शकतात आणि प्रत्यक्ष पाहणे गरजेचे वाटले तर तसे सांगू शकतात. सुमारे ६० किलोमीटर अंतर, बागेचे काम आणि वडिलांचे वय हे सांगून तशी विनंती जरूर करा. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली असेल, तर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. तेथे प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि चुकीच्या वारी गेल्यास आईला ओळखणारे डॉक्टर भेटत नाहीत; युनिट कोणते आणि त्याचे वार कोणते, हे कार्डावर पाहून किंवा विचारूनच निघा. (आमच्या नागपुरात ‘मेडिकलमध्ये विचारा’ असे म्हटले तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय की कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान, हेही एकदा विचारून घेतलेले बरे.)

मूळ रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. मोबाइलमध्ये फोटो काढून एकाच ठिकाणी ठेवा आणि तो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवरही असू द्या, कारण फोटो ज्याच्याकडे आहे तो नेमका त्याच दिवशी बाहेरगावी असतो.

प्रश्न : माझे वय ७१ आहे. लघवीत जळजळ आणि ताप यांसाठी डॉक्टरांनी लघवीचे कल्चर करायला सांगून लगेच अँटिबायोटिक सुरू केले. तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. तो मी डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. ताप उतरला आहे, जळजळ मात्र आहे. मी घेत असलेल्या औषधाच्या नावापुढे रिपोर्टमध्ये ‘आर’ लिहिलेले दिसते. उत्तर आले नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजावे का? वारंवार मेसेज केल्यास डॉक्टर रागावतील, अशी भीती वाटते. — एक निवृत्त वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही, तसे समजू नये. निळ्या खुणांचा अर्थ एवढाच, की तो संदेश उघडला गेला. तो गर्दीच्या ओपीडीत उघडला गेला असेल, घरी कोणी मोबाइल हाताळताना उघडला गेला असेल, किंवा डॉक्टरांनी ‘नंतर सविस्तर पाहू’ असे ठरवले असेल आणि त्यानंतर त्यावर आणखी चाळीस संदेश येऊन पडले असतील.

‘आर’ म्हणजे रेझिस्टंट. तुमच्या लघवीत वाढलेल्या जंतूंवर ते औषध चालत नाही, असे प्रयोगशाळेत दिसले. कल्चरमध्ये जंतू वाढायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रुग्णाला तसेच ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टर अनुभवाने एक औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडल्यास बदलतात. म्हणजे कल्चरच्या बाबतीत रिपोर्ट दाखवणे हा उपचाराचाच अर्धा भाग आहे. ताप उतरला असला तरी जळजळ कायम आहे, या वयात प्रोस्टेटचाही प्रश्न असू शकतो, आणि औषध लागू नाही असा कागद हातात आहे. तुम्ही आजच विचारले पाहिजे. ज्या औषधांपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे जंतूंवर चालणारे) लिहिले आहे त्यांपैकी एखादे दुकानातून स्वतः आणू नये. त्यांतली काही फक्त इंजेक्शनने द्यावी लागतात, काहींची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेवर ठरते आणि निवड केवळ त्या अक्षरावरून होत नाही. थंडी वाजून पुन्हा ताप आला, कमरेच्या बाजूला दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, लघवी अडली किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर मात्र मेसेज करत बसू नका. वेळ कोणतीही असो, थेट रुग्णालय गाठा आणि वाहन नसल्यास १०८ वर फोन करा.

रागावण्याच्या भीतीबद्दल मी दुसऱ्या बाजूने सांगतो. डॉक्टरांना त्रास होतो तो नुसता फोटो आणि त्याखाली हात जोडलेले चिन्ह आले की, कारण हा रुग्ण कोण, त्याला काय झाले होते आणि आता त्याला काय हवे आहे, हे सगळे त्यांना आठवून काढावे लागते. पुढील प्रकारचा संदेश वाचायला वीस सेकंद लागतात :

‘नमस्कार डॉक्टर. मी (पूर्ण नाव), वय ७१, सोमवारी लघवीत जळजळ आणि ताप यांसाठी दाखवले होते. (औषधाचे नाव) आजपर्यंत तीन दिवस घेतले. ताप नाही, जळजळ आहे. कल्चर रिपोर्टमध्ये याच औषधापुढे आर आहे. फोटो सोबत आहे. औषध बदलायचे का? मधुमेहाची गोळी चालू आहे, सल्फाची अॅलर्जी आहे. आज दुपारी चार वाजेपर्यंत कळले नाही, तर दवाखान्यात फोन करतो.’

शेवटचे वाक्य उद्धटपणाचे वाटेल म्हणून गाळू नका. त्यामुळे डॉक्टरांनाही उत्तर कधीपर्यंत द्यायचे आहे हे कळते, आणि चार वाजता फोन करताना तुम्हालाही अपराधी वाटत नाही. फोन लागला नाही, तर सायंकाळी दवाखाना उघडताच रिपोर्ट घेऊन जा आणि नंबर नसला तरी काउंटरवर ‘चालू असलेले औषध रिपोर्टप्रमाणे लागू नाही’ एवढेच सांगा. तेथे डॉक्टर नसतील, तर तोच कागद घेऊन जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात पहिल्या डॉक्टरांचा कोणताही अपमान होत नाही. फक्त काय बदलले ते नंतर त्यांना कळवा.

जाता जाता, तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या झेरॉक्सवर तुमचे वय १७ छापले आहे. आडनाव जुळते, तरीही नमुना तुमचाच होता ना, हे लॅबमध्ये फोन करून आधी विचारा आणि दुरुस्त केलेली प्रत मागवून घ्या.